आक्काची पलटण

आईनं आक्काची गोष्ट सांगायला घेतली की ती हमखास सातारा रोड स्टेशनापासून सुरू व्हायची. मिरजेकडून पुण्याला जाणारी मीटरगेजची गाडी, खटाव तालुक्यातल्या आमच्या आजोळाहून रात्रभर चालून आलेली बैलगाडी, आजोबांच्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक आणि पांढऱ्या कपाळाची सतरा वर्षांची आक्का. साल १९३८. आई तेव्हा आठ वर्षांची. "गाडी हलली तरी आक्का रडली नाही, म्हणून मीही रडले नाही. घरी आल्यावर चुलीपुढं बसून काय रडायचं ते रडले," असं ती सांगायची.

आक्का म्हणजे आईची थोरली बहीण. मधला दादा, म्हणजे माझा मामा, आणि शेंडेफळ माझी आई. मी तिला आक्कामावशी म्हणायचे, पण घरात, भावकीत आणि पुढं लष्करी इस्पितळांच्या वॉर्डांतही ती आक्काच होती. तिची गोष्ट मला दोघांनी सांगितली. आई सांगायची ती मायेनं. मामा सांगायचा तो आधी रागानं आणि म्हातारपणी अभिमानानं. आक्का स्वतः फार कमी बोलायची. एखाद्या आजाऱ्याची उशी सारखी करताना, कुणाच्या तरी कपाळावर ओली घडी ठेवताना एखादं वाक्य निघायचं, तेवढंच. त्या वाक्यांना मी पुढं इतिहासाची पुस्तकं जोडून पाहिली, तेव्हा कुठं आमची आक्का किती मोठ्या घडामोडींतून चालत गेली ते कळलं.

लग्न तेराव्या वर्षी आणि वैधव्य सोळाव्या वर्षी, हे त्या काळी नवलाचं नव्हतं. नवरा मुदतीच्या तापानं गेला. एकवीस दिवस अंगारे, धुपारे, काढे झाले. जाणत्या माणसाचा हात काही त्याला लागला नाही. वर्षभरानं आजोबांनी पोरीला माहेरी आणलं आणि गावातल्या मास्तरांच्या सल्ल्यानं पुण्याच्या सेवासदनची वाट धरली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था विधवांना आणि गरजू बायकांना शिकवून पायावर उभं करत होती. ससून रुग्णालयात नर्सिंगचं शिक्षण मिळण्याची सोय सेवासदननं कधीच करून ठेवली होती. भावकीतून आवाज उठला: परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचं काम, आपल्या घरातली पोर करणार? आजोबांचं उत्तर आईला तोंडपाठ होतं. "जावयाच्या अंगाला तापात कुणीतरी शिकल्यालं माणूस हात लावायला असतं, तर ही पोर आज माझ्या दारात नसती." पुढं कुणी बोललं नाही. मला वाटतं, आक्काच्या सगळ्या आयुष्याचा पाया त्या एका वाक्यात घातला गेला.

ससूनमधली वर्षं तिनं कशी काढली याची फारशी आठवण घरात नाही. ती सुटीवर आली की पहिल्यांदा अंथरूण घालायची, एवढं आई सांगे. चादरीची टोकं गादीखाली कोनात दुमडून अशी ताणायची की वर एक सुरकुती राहायची नाही. उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराच्या उलट बाजूला हवं, हा तिचा दंडक. आजाऱ्याच्या पाठीखाली चादरीची घडी आली तर तिथंच पहिल्यांदा कातडं सोलवटतं आणि त्याचीच पुढं जखम होते, हे कारण ती दर वेळी तेवढ्याच गांभीर्यानं सांगायची. आमच्या घरात आजही अंथरूण त्याच पद्धतीनं घातलं जातं.

ती शिकून तयार झाली ते १९४२ साल. त्या वर्षी सातारा जिल्हा पेटलेला होता. 'चले जाव'च्या ठरावानंतर तालुक्या-तालुक्याच्या मामलेदार कचेरीवर मोर्चे निघत होते. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि पोलिसांनी गोळीबार केला. तिरंगा हाती धरलेल्या परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण तिथं हुतात्मा झाले. दादा त्या मोर्चात होता. अठरा वर्षांचा. रक्तानं भरलेला सदरा घालून तो रात्री घरी आला. ते रक्त त्याचं नव्हतं. सदरा आजीनं परसात पुरला. दुसऱ्या दिवशी दादा घरातून नाहीसा झाला तो भूमिगत चळवळीत. पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार उभं राहिलं, त्याच्या निरोप्यांच्या साखळीत तो कोयनेच्या खोऱ्यात डोंगर तुडवत फिरत होता. सावकार, दरोडेखोर, इंग्रजांचे खबरे यांचा बंदोबस्त करणारं, गावोगाव न्यायनिवाडा करणारं, साध्या खर्चात लग्नं लावणारं ते सरकार. मामाच्या बोलण्यात त्या दिवसांचा विषय निघाला की ऐंशीव्या वर्षीही त्याचा आवाज चढायचा.

आणि बरोबर त्याच सुमाराला, १९४३ साली, आक्का इंग्रजांच्या फौजेत भरती झाली.

एकाच आईची दोन लेकरं. एक सरकार उलथवायला निघालेलं आणि दुसरं त्याच सरकारच्या लष्करी इस्पितळात रुजू झालेलं. आमच्या भागात हे असं बऱ्याच घरांत होतं, हे मला पुढं समजलं. सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस पलटणीत जायची रीत जुनीच. आजोबांचा चुलतभाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या मोहिमेवर गेला तो परतला नाही. त्याच मोहिमेत कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला वेढा एप्रिल १९१६ मध्ये शरणागतीनं संपला, आणि त्यात आपल्या मुलखातले किती बाप्ये उपाशी खंगले याच्या गोष्टी आजी जात्यावर बसून सांगायची. म्हणजे ज्या गावानं परातीतली भाकरी दादाच्या साथीदारांना उसाच्या फडात पोचवली, त्याच गावाची पोरं ब्रह्मदेशच्या आणि इटलीच्या आघाडीवर लढत होती. कुणी पोटासाठी गेलं होतं, कुणी घराण्याची चाल म्हणून. गावानं दोघांनाही आपलं मानलं. प्रश्न उभा राहिला तो बाई निघाली तेव्हा.

आक्का ज्या सेवेत गेली तिचा इतिहास मुंबईच्या बंदरातून सुरू होतो. मार्च १८८८ मध्ये दहा शिकाऊ नव्हे, चांगल्या तयार ब्रिटिश परिचारिका तिथं उतरल्या आणि हिंदुस्थानातल्या लष्करी इस्पितळांत शुश्रूषेची घडी बसू लागली. पहिल्या महायुद्धात हिंदी नर्सेसना त्यात घेतलं गेलं. १ ऑक्टोबर १९२६ रोजी हिंदी लष्करी परिचारिका सेवा कायमस्वरूपी उभी झाली. आणि १९४३ च्या अध्यादेशानं या बायकांना सैन्यातल्या अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. खटाव तालुक्यातली, दहा वर्षांपूर्वी चुलीपुढं बसलेली एक पोर, तिला हवालदारानं सलाम करायचा, असा तो कायदा होता.

ती का गेली, याची घरात दोन उत्तरं होती. मामा सांगायचा की तिला पगार दिसला. आणि पगार दिसला यात काही वाईट नाही, कारण दादा फरारी झाल्यावर त्याच पगारावर घर चाललं. आई सांगायची ते वेगळं. ससूनमध्ये असताना पूर्वेच्या आघाडीवर नर्सेस अपुऱ्या पडताहेत असं तिच्या कानावर आलं, तेव्हा आजोबांना तिनं कळवलं होतं, "आपल्याकडची पोरं तिकडं तापानं मरायला लागलीत, आणि मला तापाचंच काम येतं." मला आईचं उत्तर पटतं. त्या काळात फौजेला गोळीपेक्षा ताप जास्त मारत होता, हे पूर्वेच्या आघाडीवरच्या चौदाव्या आर्मीचे सेनापती जनरल स्लिम यांनीच पुढं लिहून ठेवलं आहे. १९४३ साली त्यांच्या आघाडीवर जखमी होऊन इस्पितळात येणाऱ्या दर माणसामागं आजारानं आडवी झालेली १२० माणसं होती. मलेरिया, आमांश, कातडीचे रोग आणि स्क्रब टायफस.

तिची पत्रं यायची त्यावर गावाचं नाव नसायचं. फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता आकडा. मराठी पत्रंसुद्धा सेन्सॉर वाचायचा आणि नको त्या ओळींवर काळी शाई फिरवायचा. आई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, घरात वाचता येणारी ती एकटी. ती मोठ्यानं पत्र वाची, काळ्या पट्ट्याशी आली की थांबे, आणि आजी विचारी, "काय लिवलंय तिथं?" आई आपल्या मनानं काहीतरी जोडून सांगायची: जेवण बरं आहे, हवा बरी आहे, तुमची आठवण येते. त्या काळ्या पट्ट्यांखाली होतं काय, ते कळायला युद्ध संपावं लागलं. तिथं कोमिल्ला हे नाव होतं.

कोमिल्ला आज बांगलादेशात आहे. तेव्हा ते बंगाल प्रांतातलं गाव, चौदाव्या आर्मीचं मुख्यालय आणि इस्पितळांचं मोठं ठाणं. आक्का तिथं पोचली तेव्हा बंगालच्या दुष्काळानं वीस ते तीस लाख माणसं गिळली होती आणि मागं राहिलेल्यांना हिवताप आणि देवी गाठत होते. आक्का या विषयावर आयुष्यात एकदाच बोलल्याचं आई सांगायची. इस्पितळाच्या भटारखान्यामागं भाताची पेज सांडून दिली जायची ती घ्यायला बायका मडकी घेऊन पहाटेपासून रांगेत बसत, आणि एक दिवस त्या रांगेतली एक बाई बसल्या बसल्याच गेल्याचं बराच वेळ कुणाच्या ध्यानात आलं नाही. दादा ज्या सरकारविरुद्ध लढतोय ते काय आहे, हे मला तिथं दिसलं, असं ती आईला म्हणाली होती.

वॉर्ड म्हणजे बांबूच्या लांबलचक झोपड्या, वर गवताचं छप्पर, खाली मातीची जमीन. पावसाळ्यात पलंगाचे पाय चिखलात रुतायचे. सूर्य मावळायच्या आत बाह्या मनगटापर्यंत खाली सोडायच्या, आणि मेपाक्रिनची पिवळी गोळी रोज घ्यायची, हा हुकूम. ती गोळी डासाच्या तापाला आवरायची पण माणसाचं कातडं पिवळं करायची. जवान ती घ्यायला नाखूष असत, कारण ती घेतली की पोरंबाळं होत नाहीत अशी आवई उठलेली. आक्का प्रत्येकाच्या पलंगापाशी उभी राहायची, गोळी जिभेवर ठेवायला लावायची, पाणी पाजायची आणि तोंड उघडून दाखवायला सांगायची.

खरी कसोटी मात्र स्क्रब टायफसची. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून येणारा हा ताप. चाव्याच्या जागी काळी खपली धरते, दोन-दोन आठवडे अंग भट्टीसारखं तापतं, माणूस बरळतो, ऐकू येईनासं होतं. त्यावर तेव्हा औषधच नव्हतं. क्लोरॅम्फेनिकॉल उपयोगी पडतं हे १९४८ च्या सुमारास सिद्ध झालं. तोवर डॉक्टरांच्या पेटीत या रोगासाठी काही नव्हतं. माणूस जगायचा तो शुश्रूषेवर. गार पाण्यानं अंग पुसायचं, चमच्या-चमच्यानं पाणी पाजायचं, तासा-दोन तासांनी कूस बदलायची, सुकलेले ओठ आणि जीभ ग्लिसरिननं ओली ठेवायची, आणि हे रात्रंदिवस चालू ठेवायचं. पाणी एकदम जास्त पाजलं तर छातीत जायची भीती, कमी पडलं तर रक्त आटायची. हात हलका असावा लागतो आणि मन जागं. लष्करी इतिहासात तोफांचे आकडे असतात, किती टन दारूगोळा विमानानं उतरवला ते असतं. अशा एकेका माणसाच्या तोंडात रात्रभरात किती चमचे पाणी गेलं, याचा हिशेब आक्कासारख्यांनी वॉर्डाच्या कागदावर ठेवला आणि ते कागद कुठंही उरले नाहीत.

मार्च १९४४ मध्ये जपानी फौज इंफाळ आणि कोहिमाच्या रोखानं मणिपूरच्या डोंगरात उतरली. उखरुलच्या बाजूला सांगशाक नावाच्या नागा गावी २२ ते २६ मार्च अशी अटीतटीची लढाई झाली. तिथं पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. टेकडीवर खाली खडक, त्यामुळं खंदक गुडघा-मांडीपेक्षा खोल जात नव्हते. काटेरी तार नाही, पाणी नाही. विमानातून टाकलेला पुरवठा बराचसा शत्रूच्या हाती पडत होता. २६ च्या रात्री उरलेल्यांनी वेढा फोडून इंफाळची वाट धरली. ज्यांना उचलणं शक्य नव्हतं ते जखमी तिथंच राहिले. पण त्या चार-पाच दिवसांनी जपान्यांची जी खोटी झाली, तिनं इंफाळ सावरायला वेळ मिळाला. पुढं इंफाळलाच वेढा पडला, आणि डाकोटा विमानं येताना धान्य, दारूगोळा आणायची आणि जाताना जखमी न्यायची. त्या वेढ्यातून सुमारे १३ हजार जखमी आणि आजारी माणसं विमानानं बाहेर काढली गेली.

त्या विमानांतून उतरलेल्यांत सांगशाकहून निसटलेला माण तालुक्यातला एक पोरगा आक्काच्या वॉर्डात आला. मांडीची जखम चिघळलेली आणि वरून ताप. तो बरळत होता आणि वॉर्डातल्या कुणाला त्याची भाषा कळत नव्हती. मद्रासी अर्दली त्याला हिंदीत समजावत होता. आक्का जवळ गेली तर तो आईला हाका मारत होता आणि गुरं बांधली का म्हणून विचारत होता. ही गोष्ट आक्कानं स्वतः मला सांगितली आहे, म्हणून तिचे शब्द मी तसेच देते. "आरं ल्येकरा, हाय मी हितंच. गुरं बांधली, वैरण बी टाकली. निज आता." तो झोपला. तीन रात्री ती त्याची आई होऊन बोलत राहिली. चौथ्या दिवशी त्यानं डोळे उघडून नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही आपल्याकडच्या का?" त्या दिवसापासून वॉर्डातले मराठी जवान तिला सिस्टर म्हणेनासे झाले. ती आक्का झाली.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं ती लिहायची. तिच्या वळणदार अक्षरातली पत्रं माण, खटाव, कोरेगाव, वाळवा अशा तालुक्यांत जात होती आणि ती वाचणाऱ्यांना वाटत होतं आपला पोरगा लिहायला शिकला. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी दहिवडीकडचं एक म्हातारं जोडपं आमच्या आजोळी विचारत विचारत आलं. म्हातारीच्या कनवटीला घडी केलेलं पत्र होतं. त्यांचा मुलगा कोमिल्ल्यात गेला होता आणि हे त्याचं शेवटचं पत्र. ते लिहिणारी बाई या गावची, एवढं त्यांना त्याच्या साथीदारानं सांगितलं होतं. आक्का तेव्हा नेमकी सुटीवर होती. म्हातारीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटेपालटे करून बघत राहिली. आई सांगायची, चहा झाला, जेवण झालं, पण म्हातारीनं ते हात काही सोडले नाहीत.

१९४५ च्या सुगीत आक्का पहिल्यांदा रजेवर घरी आली. एस.टी. अजून सुरू व्हायची होती. वडूजपर्यंत खासगी मोटार आणि पुढं पायी. देवळाच्या पारावर गावचे पेन्शनर बसले होते. त्यांत बसऱ्याहून परतलेला एक जुना हवालदार होता, काठी टेकत चालणारा. खाकी पोशाखातल्या आक्काच्या खांद्यावरची निशाणी त्याला बरोबर ओळखू आली. तो उठला, काठी बाजूला ठेवली आणि तिला कडक सलाम ठोकला. आक्कानंही रीतसर सलाम घेतला आणि मग वाकून त्याच्या पाया पडली. सगळा पार गप्प झाला. ज्या भावकीनं नाकं मुरडली होती त्यांच्या घरची माणसंही तिथं होती. आईची ही सगळ्यांत आवडती गोष्ट. ती सांगताना तीही ताठ उभी राहायची.

त्याच रजेत दादाची आणि आक्काची गाठ पडली. दादानं तिच्या भरतीनंतर तिला एक अक्षर कळवलं नव्हतं. पण कोयनेच्या जंगलात त्याला हिवतापानं धरलं होतं. दिवसाआड थंडी वाजून यायची आणि साथीदार त्याला पाठुंगळी मारून एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर नेत होते. रात्री निरोप आला. आक्का आणि आई दोघी अंधारात माळ तुडवत एका मेंढपाळाच्या वाड्यावर गेल्या. दादा घोंगडीखाली कुडकुडत होता. आक्कानं ट्रंकेतून बरोबर आणलेल्या मेपाक्रिनच्या गोळ्या काढल्या. इंग्रजांच्या फौजेच्या गोळ्या, इंग्रजांचं राज्य बुडवायला निघालेल्या माणसाला. मामा सांगायचा, "मी तोंड फिरवलं. म्हटलं, त्यांचं औषध मला नको. तर ही म्हणाली, दादा, लढायला अंगात ताकद लागती, आधी गिळ." रात्रभर ती त्याच्या उशाशी बसली. पुढं काही दिवस दादा पिवळाजर्द झाला आणि साथीदारांना वाटलं कावीळ झाली. ताप मात्र उतरला. तिच्यावर फौजेत असताना फरारी माणसाला मदत केल्याचा ठपका आला असता तर काय झालं असतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. त्या रात्रीविषयी मामानं मला शेवटी शेवटी जे सांगितलं ते विसरता येत नाही. पहाटे तिनं त्याला विचारलं होतं, "माझ्या वॉर्डातली पोरं आणि तुझ्याबरोबरची ही पोरं एकाच गावातली हायत. त्यांतल्या कुणाला मी परकं म्हणू?" मामाकडं तेव्हा उत्तर नव्हतं. त्यानंतर त्यानं तिला दर महिन्याला पत्र लिहिलं, ते तिच्या अखेरपर्यंत.

युद्ध संपलं तेव्हा हजारो बायकांना घरी पाठवण्यात आलं. आक्का राहिली. स्वातंत्र्यानंतर तीच सेवा भारताच्या सैन्याची झाली आणि तिच्या बदल्या लखनौ, जम्मू, पुणे अशा होत राहिल्या. मी तिला कळत्या वयात पाहिली ती पुण्यात, १९६५ च्या युद्धानंतर. वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र आहे. १९४४ पासून हात-पाय गमावलेल्या जवानांना तिथं लाकडाचे, धातूचे अवयव बसवून पुन्हा उभं केलं जातं. दिवाळीच्या सुटीत ती मला तिथं घेऊन गेली. एका दालनात कमरेएवढ्या उंचीचे दोन समांतर लोखंडी दांडे होते. त्यांना धरून एक पंजाबी जवान नव्या पायावर चालायला शिकत होता. दुसऱ्या टोकाला आक्का उभी. तो डळमळला की मी डोळे मिटायचे. ती हात पुढं करत नव्हती. नुसती त्याच्या डोळ्यांत पाहत उभी होती. तो टोकापर्यंत आला, घामानं निथळत, आणि तेव्हा कुठं तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. परतताना मी विचारलं, त्याला धरलं का नाहीस? ती म्हणाली, "आज धरलं असतं तर घरी गेल्यावर त्यानं कुणाला धरलं असतं?"

त्याच युद्धात गोळ्यांनी जखमी झालेले आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर मुंबईच्या नौदल इस्पितळात, आयएनएचएस अश्विनीत, सावरले. पोहायला लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक्समध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचं नाव सगळ्या देशाला ठाऊक आहे आणि असायलाच हवं. असा प्रत्येक माणूस पलंगावरून पाण्यापर्यंत, खाटेवरून रस्त्यापर्यंत येतो तेव्हा त्यामागं महिनोन् महिने कुणीतरी कूस बदललेली असते, जखम धुतलेली असते, आज नको म्हणणाऱ्याला उद्या बसवलेलं असतं. त्या माणसांत आपल्या आक्कासारख्या बायका होत्या, हे आठवलं की मला त्या पदकाचं मोल आणखी वाढल्यासारखं वाटतं.

निवृत्त झाल्यावर आक्का गावी परतली आणि आजोबांच्या घराच्या पडवीत राहिली. गावातल्या बाळंतिणी, पोरांचे ताप, म्हाताऱ्यांच्या पाठीच्या जखमा हेच तिचं काम झालं. नव्वदच्या दशकात ती गेली. तिरडीला खांदा द्यायला मामा सगळ्यांत पुढं होता, ऐंशीकडं झुकलेला नि कमरेत वाकलेला असूनही. गावात पहिल्या महायुद्धातल्या माणसांचा दगड आहे, स्वातंत्र्यसैनिकांचा स्तंभ आहे आणि त्यावर मामाचं नाव आहे. पुढं माजी सैनिकांच्या नावांचा फलकही लागला. आक्काचं नाव त्यांतल्या कशावरच नाही. स्तंभवाल्यांच्या लेखी ती इंग्रजांच्या नोकरीत होती आणि फलकवाल्यांच्या लेखी ती लढली नव्हती. आई तो फलक बघायला गेली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत सगळी नावं वाचली आणि घरी येऊन जेवली नाही. बहिणीचं दुःख तिनं त्या दिवशी दुसऱ्यांदा केलं.

आता आई नाही, मामाही नाही. इतकी वर्षं ही गोष्ट एका बहिणीनं जिभेवर जपली म्हणून माझ्यापर्यंत आली. अशा गोष्टी सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, अहिल्यानगर, कुठल्याही जिल्ह्यातल्या घरांत असणार याची मला खात्री आहे. कुणाची आत्या, कुणाची चुलत आजी दुसऱ्या महायुद्धात नर्स होती, कुणी बासष्टला आसामात होती, कुणी एकाहत्तरला. त्यांचे फोटो ट्रंकेत आहेत, पदकं देवघराच्या कोनाड्यात आहेत, आणि ते काय आहे हे सांगणारं शेवटचं माणूस आता नव्वदीत आहे.

मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या १७ मुली दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. वडूज रस्त्यावर हल्ली पहाटे भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावताना दिसतात. त्यांतल्या काही आमच्या घरी येऊन बसतात आणि मी त्यांना आक्काची गोष्ट सांगते. परवा त्यांतली एक म्हणाली, "आमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आजीपण मिलिटरीत होत्या म्हणतात." मी तिला वही दिली आणि सांगितलं, आजच जा. कोणत्या साली भरती झाल्या, कुठल्या इस्पितळात होत्या, काय बघितलं, कुणाला वाचवलं, सगळं विचार आणि त्यांच्या शब्दांत लिहून घे. ती गेली आणि संध्याकाळी चार पानं भरून आली.

आक्काला पगार मिळाला, पेन्शन मिळालं, जुन्या हवालदाराचा सलामही मिळाला. गावानं तिला आपल्या इतिहासात जागा द्यायची तेवढी राहिली आहे. ती ग्रामसभेत मागायचं मी ठरवलं आहे, आणि त्या चार पानांतल्या आजींचं नावही तिच्या नावाबरोबर मागणार आहे.